जास्तीचा हुंकार

बारामतीहून इंदापूरला जाताना कालव्याच्या पुलाअलीकडं एक दुमजली इमारत लागते. खाली खताचं दुकान आणि वर ‘पाणवठा रेडिओ’. आसपासच्या वीस-बावीस गावांत ऐकू जाईल एवढाच त्याचा जीव. जिन्यात युरियाचा वास कोंडलेला असतो. त्यामुळं पुण्याहून येणारे मोठमोठे लेखक समाजाविषयीचे विचार मांडायला वर चढतात ते नाकाला रुमाल लावूनच.

अंथुर्ण्याच्या प्रयागबाई तिथं झाडलोटीला आणि चहाला. साठी ओलांडलेली, पण कंबर ताठ. स्टुडिओच्या भिंतींना बाहेरचा आवाज अडवायला अंड्यांचे ट्रे ठोकलेले होते. ते बघून प्रयागबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “ह्या कोंबड्यांच्या खुराड्यात कोण बोलंल गं?” मग त्यांनीच घरून चार वाकळा, जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या, आणल्या आणि ट्रे झाकून टाकले. खोली गप्प झाली. इतकी, की दार लावलं की आपल्याच कानातलं रक्त ऐकू येई.

दर गुरुवारी तिथं ‘गुरुवारचा पाहुणा’ नावाचा कार्यक्रम रेकॉर्ड होई. उत्कर्षा नावाची तिशीची, चटपटीत मुलगी मुलाखती घ्यायची. पाहुणे म्हणजे ज्यांची पुस्तकं एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलपासून सगळीकडं खपतात ते लेखक. कुणी एकटेपणावर लिहिलेलं, कुणी पैशाच्या मानसशास्त्रावर, कुणी मोबाईलनं माणसाचं काय वाटोळं केलं त्यावर. एकदा सुखावर तीनशे पानं लिहिलेले एक गृहस्थ आले. माइकसमोर बसले आणि सुतकात बसल्यागत बोलू लागले. एक वाक्य, की थांबले. प्रयागबाई चहा ठेवायला आत गेल्या आणि तेवढ्यात बाहेरचा लाल दिवा लागला. आता दार उघडायचं नाही. कोपऱ्यात एक तिसरी खुर्ची होती, तिच्यावर त्या टेकल्या. गृहस्थ म्हणाले, “सुख ही एक सवय आहे,” आणि पुन्हा अडले. प्रयागबाईंना राहवेना. तोंडातून आपसूक निघालं, “हूं.”

लेखकानं मान वळवली. हा बाईमाणसाचा साधा हूं, पण त्यात ‘मग?’ होतं, ‘सांगा की’ होतं. गृहस्थ त्यांच्याकडं तोंड करून जे सुटले ते चाळीस मिनिटं थांबले नाहीत. खाली उतरताना रुमाल लावायचंही विसरले.

तेव्हापासून तिसरी खुर्ची प्रयागबाईंची झाली. त्यांच्यापुढं माइक नसे. त्यांचं काम एकच, हुंकार देणं. त्यांना ते शिकवावं लागलं नव्हतं. लोणी भापकरला, त्यांच्या माहेरी, आईचा नियमच होता, हुंकार नाही तर गोष्ट नाही. सांगणाऱ्यानं सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं दर वाक्याला हूं म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की पलीकडं माणूस आहे. प्रयागबाई लहानपणी गोष्टीच्या अर्ध्यातच झोपून जायच्या. मग हुंकार द्यायला उरायचा मोठा भाऊ सावळाराम. त्याचा हुंकार दोन पायऱ्यांचा असे. आधी “हूं”, मग क्षणभर थांबून बारीक “अं”. आई म्हणायची, “पयला ऐकल्याचा, दुसरा पटल्याचा.”

वरकुट्याचा सुयोग काचेपलीकडं बसून रेकॉर्डिंग करी. त्याला प्रसारणाआधी सगळे हुंकार कापावे लागत. कापलेले तो टाकून देत नसे, कॉम्प्युटरात एका जागी ठेवी आणि गंमत म्हणून मोजून सांगे. “मावशी, आज त्रेपन्न. गेल्या गुरवारच्या मानसशास्त्राला नुसते एकोणीसच दिलंत.”

“त्याचं काय पटत न्हवतं मला,” प्रयागबाई म्हणत.

एक गोष्ट मात्र त्यांनी कामाला लागतानाच विचारून घेतली होती. ही माणसं इथं दिवसा गोष्टी सांगणार काय? उत्कर्षा हसली. म्हणाली, “मावशी, ह्या गोष्टी नाहीत हो. हे विचार असतात. सगळं खरं खरं.”

“मग चालतंय,” प्रयागबाई म्हणाल्या. “इचारानं कुणाचा मामा चुकत न्हाय.”

उत्कर्षाला वाटलं, म्हातारीची काहीतरी गंमत. नंतर तिनं त्यांच्या मागं लागून पाहिलं, तुमच्या जुन्या गोष्टी रेकॉर्ड करू, लोकांना आवडतील. प्रयागबाईंनी हातातली किटली खाली ठेवली आणि “न्हाय” एवढंच म्हणाल्या. तो न्हाय असा होता की पोरीनं पुन्हा विषय काढला नाही.

त्या न्हायमागं अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक दुपार होती.

त्यांची लेक स्वरूपा तेव्हा तीन वर्षांची, जेवायला शंभर नाटकं करणारी. दुसऱ्या दिवशी पंचमी. सणाला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो भाऊ येतो त्याला मुराळी म्हणतात. सावळाराम मुराळी म्हणून यायचा होता. प्रयागबाईंनी दोन लुगडी आणि पोरीची झबली भरून पिशवी खुंटीला लावून ठेवली होती. बाराची वेळ. ऊन असं की अंगणातली कोंबडीसुद्धा सावली सोडीना. पोरगी घास घेईना, म्हणून आईकडून ऐकलेली टिटवीची गोष्ट त्यांनी काढली. टिटवीचं घर माळावर, तिचा भाऊ नदीपल्याड. भावाला भेटायला टिटवी निघाली. “टिटवी काठाला आली. पल्याड भाऊ हुबा. मधी हे पाणी! मग टिटवी काय म्हणली—”

ओसरीवरून सासूबाई, द्वारकाबाई, ओरडल्या. “अगं ए! दिवसाढवळ्या गोष्ट सांगतीस व्हय? पोरीचा मामा वाट चुकंल की!”

ही समजूत सगळ्यांनाच ठाऊक. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. प्रयागबाईंनी जीभ चावली. गोष्ट तिथंच तोडली. स्वरूपाचा घास गालातच राहिला.

सावळाराम अंथुर्णे फाट्यावर उतरला होता. पाहिलेली माणसं होती. टपरीवर पाणी प्याला, “प्रयागीला न्ह्याला आलोय” म्हणाला, डोक्यावर टॉवेल घेतला आणि उसातल्या वाटेला लागला. फाट्यापासून घर दीड किलोमीटर. वाट एकच, नाकासमोर. डोळे बांधून सोडलेला बैलसुद्धा तिथं चुकला नसता. सावळाराम घरी पोचला नाही. माणसांनी ऊस धुंडाळला, आवर्तन संपून पाणी बंद झाल्यावर कालव्याचा तळ पाहिला, पोलीस येऊन गेले. चप्पल मिळाली नाही, टॉवेल मिळाला नाही. भर दुपारी बारा वाजता, सरळ रस्त्यावर, धडधाकट माणूस नाहीसा झाला.

द्वारकाबाईंनी सुनेला पुढं कधी एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर प्रयागबाईंना भांडता आलं असतं. पुढं द्वारकाबाई गेल्या, प्रयागबाईंचा नवराही गेला, पण खुंटीवरची पिशवी कुणी उतरवली नाही. त्या दिवसापासून प्रयागबाईंनी दिवसा नाही, रात्री नाही, कधीच गोष्ट सांगितली नाही. स्वरूपा टीव्हीवरच्या मालिका बघत मोठी झाली. पुढं बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला लागली, लग्न झालं. तिला आईचा एक राग कायम होता. “सगळ्यांच्या आया गोष्टी सांगायच्या,” ती म्हणायची. “मला भरवताना तुझं तोंड नुसतं शिवल्यागत.” प्रयागबाईंनी तिला कारण कधी सांगितलं नाही. तुझ्या मामाला मी घालवला, हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

तर अशा बाईसमोर गेल्या उन्हाळ्यात इंद्रजित सरपोतदार येऊन बसले.

हे पुण्याचे. पांढरे बूट, स्वतःची पाण्याची बाटली स्वतःबरोबर. त्यांचं पुस्तक अर्ध्यावर सुटलेल्या गोष्टींबद्दल होतं. हल्ली सगळं अर्ध्यावर तोडतात, असं त्यांचं म्हणणं. मालिका अर्ध्यावर, मोबाईलवरचा व्हिडिओ अर्ध्यावर, बातमीसुद्धा ‘पुढं वाचा’ म्हणून अर्ध्यावर. का, तर माणसाचं मन पुरं झालेलं सोडून देतं आणि अपुरं धरून ठेवतं. माणूस बोलायला गोड. प्रयागबाई पटापट हूं देत होत्या.

उत्कर्षा म्हणाली, “आमच्याकडं एक समजूत आहे सर. दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकतो.”

“ऐकलीय ना मी!” सरपोतदार खूश झाले. “किती हुशार लोक बघा. दिवसा गोष्टी सांगत बसलं तर शेतातली कामं कोण करणार? सरळ सांगून कोण ऐकतं? म्हणून मामाची भीती घातली. कुणाचा मामा कधी चुकलेला नाही.”

प्रयागबाईंचा हूं घशातच थिजला. पहिल्यांदाच.

“आता गंमत दाखवतो,” सरपोतदार पुढं झाले. आवाज खाली आणला. “एक माणूस भर दुपारी निघाला. बहिणीच्या घरी. रस्ता एकच, ओळखीचा. अर्ध्या वाटेवर आला, आणि...”

ते थांबले. मुद्दाम. खोलीत काही हललं नाही. प्रयागबाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून ठेवली होती. ओठ मिटलेले.

आणि सरपोतदार त्यांच्याकडं बघून मोकळे हसले. “ऐकलंत? बाईंनासुद्धा पुढं काय ते हवंय. हाच माझा मुद्दा. ऐकणारा जिथं सोडला तिथंच उभा राहतो. सांगणाऱ्यानं सोडवल्याशिवाय सुटत नाही.”

उत्कर्षाही प्रयागबाईंकडं बघून हसली. प्रयागबाईंना कळेना, ही दोघं कशाला हसतात. त्या तर काहीच बोलल्या नव्हत्या.

मुलाखत संपल्यावर चहा देताना त्यांनी विचारलं, “साहेब, त्या माणसाचं फुडं काय झालं?”

“कुणाचं? हां, तो! पुढं काही नाही हो. आत्ताच रचला मी त्याला.” साहेबांनी कप अर्धा ठेवला आणि गाडीत बसून गेले.

तासाभरानं सुयोगनं हाक मारली. “मावशी, घसा बसलाय का तुमचा? आजचा एक हूं पार बाप्यासारखा लागलाय.”

त्यानं हेडफोन त्यांच्या कानाला लावले. सरपोतदारांचा आवाज आला. अर्ध्या वाटेवर आला, आणि... मग ती शांतता. मग अगदी जवळून, माइकला टेकून बोलावं तसं, “हूं.” आणि क्षणभर थांबून, बारीक, “अं.”

प्रयागबाई खाली बसल्या, फरशीवरच. सुयोग घाबरून पाणी आणायला धावला. तो आला तर म्हातारी हेडफोन दोन्ही हातांनी कानाला दाबून बसलेली. “पुन्यांदा लाव,” म्हणाली. त्यानं अकरा वेळा लावलं.

पुढच्या गुरुवारी जास्तीचे दोन आले, त्याच्या पुढच्याला चार. प्रयागबाई सत्तेचाळीस द्यायच्या आणि मोजणीत एक्कावन्न भरायचे. सुयोगनं वायर बदलली, माइक बदलला, खालच्या खतवाल्याला जिन्यात बोलू नको म्हणून दम दिला. माइकला लिंबू-मिरची बांधायचीच काय ती राहिली. चमत्कारिक म्हणजे, खोलीतल्या सगळ्यांना तो हुंकार त्या क्षणीच ऐकू येई, फक्त तो प्रयागबाईंचाच, असं त्यांना वाटे. एकट्या प्रयागबाईंना तिथं बसून काही ऐकू येत नसे. त्यांना तो नंतर, हेडफोनमधूनच ऐकू यायचा.

त्यांनी दोघांना सगळं सांगितलं. टिटवी, सासूबाई, फाटा, टॉवेल, सगळं. उत्कर्षाच्या अंगावर काटा आला. ती म्हणाली, “मावशी, कार्यक्रम बंद करू या आपण.”

“खुळी का काय तू?” प्रयागबाई कडाडल्या. “अठ्ठावीस वरसांनी माझा भाऊ बोलाय लागलाय, आन् बंद करतीस?”

खरं सांगायचं तर त्या दिवसांत म्हातारीला सोन्याचे दिवस आले होते. डोक्याला तेल, धुवट पातळ, आणि गुरुवारी सकाळी आठलाच दारात हजर. पाहुणा कोण, पुस्तक कशावर, त्यांना कशाचं देणंघेणं नव्हतं. लेखक समाजाच्या भवितव्याची काळजी करत असायचा आणि त्या मनात म्हणत असायच्या, दादा, बस जरा, आईक, हा बरा बोलतोय. मुलाखत संपली की सुयोगच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहायच्या. “काय म्हणला आज?”

पहिली शंका सुयोगला आली. चौथ्या-पाचव्या गुरुवारी त्यानं कान टवकारले आणि म्हणाला, “मावशी, दम लागलाय ह्याला.”

खरंच. हूंच्या आधी श्वास ऐकू येत होता. छाती भरून चाललेल्या माणसाचा. पुढच्या वेळी तो वाढला. मग एका गुरुवारी “अं” गळाला. नुसता “हूं” उरला, ऐकल्याचा. पटल्याचा नाही. आणि त्या हूंच्या मागं काहीतरी कुडुमकुडुम मोडत होतं. उत्कर्षाला कळेना, तो कसला आवाज. सुयोगच्या घरी ऊस होता. त्यानं लगेच ओळखलं. पण सांगितलं ते प्रयागबाईंनीच.

“पाचट हाय. पायाखाली मोडतंय.”

ऊस तुटून गेल्यावर रानात पाला पडतो, वाळून कडक होतो, त्यातून माणूस चालला की असा आवाज येतो. म्हणजे तो बसून ऐकत नव्हता. तो चालत होता. त्या वाटेवर ऊस लागला, तुटला, पुन्हा लागला, अठ्ठावीस वेळा. आणि हा चालतच होता, डोक्यावर टॉवेल घेऊन, भर बाराच्या उन्हात, कुठून तरी गोष्ट ऐकू येते का बघत.

त्या दिवशी प्रयागबाई बसथांब्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन बस सोडल्या. पांढऱ्या बुटांचा तो माणूस डोक्यातून जाईना. ऐकणारा जिथं सोडला तिथंच उभा राहतो. सांगणाऱ्यानं सोडवल्याशिवाय सुटत नाही. इतकी वर्षं त्या समजत होत्या, गोष्ट सांगितली हे आपलं पाप. म्हणून त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं. पण पाप सांगण्यात नव्हतंच. ते तोडण्यात होतं. सासूबाईंनी हटकलं तेव्हा आणखी चार वाक्यं कशीबशी जोडून ती पुरी केली असती तर मामा वाटेला लागला असता. आणि आता आवाज कानावर पडतोय म्हणून आपण त्याला दर गुरुवारी उन्हात चालवतोय. ह्या विचारासरशी त्यांना आपलीच अशी किळस आली की त्या बसथांब्यावर, चार माणसांत, तोंडात पदर कोंबून रडल्या.

गोष्ट पुरी करायची म्हणजे त्याला जाऊ द्यायचं. पुन्हा हूं नाही. हे त्यांना स्पष्ट कळत होतं.

अडचण दुसरीच होती. गोष्टीचा शेवट त्यांना येत नव्हता. लहानपणी त्या दर वेळी नदीपाशीच झोपून जायच्या. शेवट ठाऊक होता आईला, आणि हुंकार देणाऱ्या सावळारामला. आई तर केव्हाच गेली होती. सगळ्या गोष्टींच्या अखेरीला ती म्हणायची तेवढी ओळ त्यांना आठवत होती, कारण त्या ओळीला जाग यायची. “झाली गोष्ट, मिटली वाट, आता ज्यानं त्यानं आपापल्या घरी जावं.”

त्यांनी स्वरूपाला फोन केला. “गुरवारी सुट्टी काढून रेडिओवर ये. जेवण माझ्याकडं.”

“कशाला?”

“तुझा एक घास राह्यलाय.”

स्वरूपा आली ती कपाळाला आठी घालूनच. स्टुडिओत बसवून आईनं तिला सगळं सांगितलं, खाली मान घालून, एकदाही वर न बघता. स्वरूपा म्हणाली, “म्हणून तू मला कधी...” आणि तिनं आईचा हात धरला. एकतीस वर्षांच्या बाईला तीन वर्षांच्या पोरीचा राग सोडायला वेळ लागतो. तो सुटताना डोळ्यांतून निघाला.

बारा वाजता लाल दिवा लागला. त्या गुरुवारी पाहुणा बोलावला नव्हता. उत्कर्षा भिंतीशी उभी राहिली. प्रयागबाई लेखकांच्या खुर्चीत बसल्या, माइकसमोर, आणि स्वरूपा तिसऱ्या खुर्चीत. मांडीवर डबा होता. प्रयागबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, दुधात भिजवला आणि लेकीच्या तोंडात घातला.

“एक व्हती टिटवी,” त्या म्हणाल्या.

“हूं,” स्वरूपा म्हणाली. आणि तिच्या मागून, वाकळेला पाठ टेकून कुणी उभं असावं तसा, दुसरा हूं आला. दमलेला. स्वरूपाचे डोळे विस्फारले. मागं वळून बघायची तिची हिंमत झाली नाही. उत्कर्षानं वाकळ मुठीत धरली.

प्रयागबाईंना काही ऐकू आलं नव्हतं. पण लेकीचं तोंड बघून त्यांना कळलं. त्या सांगत राहिल्या. टिटवीचं माळावरचं घर आलं, नदीपल्याडचा भाऊ आला, त्याची आठवण आली. दर वाक्याला दोन हूं पडत होते. वाळलं पाचट मोडल्याचा आवाज आता उत्कर्षालाही ऐकू येत होता, आणि तो जवळ जवळ येत होता.

“टिटवी काठाला आली. पल्याड भाऊ हुबा. मधी हे पाणी. मग टिटवी काय म्हणली—”

इथं त्या थांबल्या. ह्याच जागी. खोलीतला पावलांचा आवाजही थांबला. काचेपलीकडं सुयोग उभा राहिला होता, हेडफोन कानावर आणि दोन्ही हात हवेत तसेच.

प्रयागबाईंनी डोळे मिटले. शेवट त्यांना येत नव्हताच. तो त्यांनी तिथंच केला.

“टिटवी म्हणली, दादा, तू हिकडं येऊ नगंस. मी सुखात हाय. लेक मोठी झाली माझी, जेवती आता नीट. मला न्ह्यायचं राह्यलं म्हणून जिवाला लावून घिऊ नगंस. मुराळी रिकामा माघारी गेला तर जाऊ दे, लोकं काय दोन दिस बोलत्याल. तुझे पाय दमल्यात. पाणी लई हाय रं दादा. तू फिर माघारी.”

स्वरूपानं घास गालात धरून ठेवला होता.

“भाऊ फिरला. टिटवी काठावर हुबी राहून बघत व्हती, त्यो दिसंनासा हुईस्तवर.” प्रयागबाईंचा आवाज इथं फुटला, पण त्यांनी गोष्ट सोडली नाही. “झाली गोष्ट. मिटली वाट. आता ज्यानं त्यानं आपापल्या घरी जावं.”

स्वरूपानं घास गिळला. मग तिनं एकदम आईकडं बघितलं. उत्कर्षानंही बघितलं. सुयोग काचेपलीकडून जोरजोरानं मान हलवत होता.

“म्हणला?” प्रयागबाईंनी विचारलं.

“म्हणला,” स्वरूपा म्हणाली.

लाल दिवा विझला तशा प्रयागबाई धडपडत उठल्या, सुयोगच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी स्वतःच हेडफोन कानाला लावले. सुयोगनं रेकॉर्डिंग मागं नेलं. टिटवी बोलली. भाऊ फिरला. ज्यानं त्यानं आपापल्या घरी जावं. आणि पुढं काही नाही. सुयोगनं आवाज पुरता वाढवला. घास गिळल्याचा आवाज, खुर्ची करकरल्याचा आवाज, बस. त्यानं सुरुवातीपासून लावलं. स्वरूपाचे हूं होते, एकूण एक. दुसरा हूं कुठंच नव्हता. मग त्यानं जुने हुंकार उघडले, आधीच्या सगळ्या गुरुवारांचे जास्तीचे. त्या जागी नुसती शांतता भरलेली होती.

तिघांनी कानांनी ऐकला होता. जिच्यासाठी होता तिलाच तो शेवटचा मिळाला नाही.

प्रयागबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वायर नीट गुंडाळली. “पोचला म्हंजी,” त्या म्हणाल्या. मग स्वरूपाकडं वळल्या. एवढा वेळ ताठ राहिलेली म्हातारी आता लहान पोरीसारखी लेकीच्या तोंडाकडं बघत होती.

“कसा म्हणला गं? करून दाव की.”

स्वरूपाला मामाचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि नुकताच ऐकलेला तो हुंकार, जसाच्या तसा, आईला दिला.

“हूं,” ती म्हणाली. आणि क्षणभर थांबून, बारीक, “अं.”